ऑफिससाठी पंचवीस-तीस हजारांचे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्यावेत का?

दिवसातले पाच-सहा तास डोकं खाली घालून काम करावं लागत असेल, ऑफिस ओपन म्हणजे सगळे एकाच हॉलमध्ये बसतात असं असेल आणि केबिन मिळायची काही शक्यता नसेल तर घ्या, पैसे वसूल होतात. पण घातले की आजूबाजूची माणसं ऐकूच येणार नाहीत असं वाटत असेल तर जरा थांबा, कारण तसं होत नाही.

मी पुण्यात हिंजवडीला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. आमच्या फ्लोअरवर वरती एसीचे डक्ट दिवसभर घुमत असतात, मागे सपोर्टची टीम कायम कॉलवर, पलीकडे पँट्री. हेडफोन ऑन केले की एसीची घरघर एकदम गायब होते, आणि खरंच सांगते, इतका वेळ आपण काय सहन करत होतो ते तेव्हा कळतं. पण पुढच्याच मिनिटाला लक्षात येतं की मागचं बोलणं ऐकू येतंय, उलट जरा जास्तच स्पष्ट येतंय, कारण त्याला झाकणारी घरघर गेलेली असते.

हा हेडफोनचा दोष नाही, ती टेक्नॉलॉजीच तशी आहे. हेडफोनवरचे माइक बाहेरचा आवाज पकडतात आणि त्याच्या बरोब्बर उलटी लाट आत सोडतात, दोन्ही मिळून आवाज मरतो. एसी, पंखा, इंजिन असे खालच्या पट्टीतले सलग आवाज हळू बदलतात त्यामुळे हे जमतं, पण साधारण हजार हर्ट्झच्या वरचे आवाज इतके भरभर बदलतात की उलटी लाट वेळेत जुळत नाही. माणसाच्या बोलण्यातला घुमारा खालच्या पट्टीत असतो तो कमी होतो, पण क, च, त, स असे जे आवाज ऐकून आपल्याला शब्द कळतो ते बरेचसे वरच्या पट्टीत असतात, ते थोपवायचं काम कानावरच्या जाड गादीचं. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना ही कल्पना सुचली तीच 1978 मध्ये झुरिकहून बोस्टनला परतताना विमानात, आणि त्यांच्या कंपनीचा पहिला हेडसेट 1989 ला आला तोही वैमानिकांसाठी. म्हणजे मूळ शत्रू इंजिनची घरघर, शेजारच्या डेस्कवरच्या गप्पा नाहीत. म्हणूनच माझे हेडफोन सगळ्यात भारी काम ऑफिसमध्ये नाही तर कंपनीच्या बसमध्ये करतात, चांदणी चौकातून बायपासला लागलं की डिझेल इंजिनचा तो धडधडाट जवळजवळ संपतो आणि घरी पोचेपर्यंत डोकं जड होत नाही.

बोलण्याच्या आवाजावर उपाय आहे, पावसाचा आवाज किंवा ब्राऊन नॉइज, म्हणजे धबधब्यासारखा सलग खोल आवाज, अगदी हळू लावून ठेवायचा. बाहेरची घरघर गेलेली असल्यामुळे व्हॉल्यूम थोडासाच पुरतो, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. डब्ल्यूएचओच्या हिशोबाने प्रौढांसाठी 80 डेसिबल आठवड्याला 40 तास ही मर्यादा आहे, आणि साधे इअरफोन घालून गोंगाटावर मात करायला आपण आवाज कुठल्या कुठे नेऊन ठेवतो. कान एकदा गेले की परत येत नाहीत हो, त्यामुळे जे दिवसभर फुल व्हॉल्यूमवर गाणी लावून कोडिंग करतात त्यांनी तरी याचा नक्की विचार करा.

आता महाग आणि स्वस्तातला फरक. दहा हजारांच्या आसपास सोनीचा सीएच 720 एन मिळतो, वजन फक्त 192 ग्रॅम, एसीची घरघर तोही छान मारतो. मग पंचवीस-तीस हजार कशाला? कारण वरच्या मॉडेलमध्ये, म्हणजे सोनीची 1000 एक्सएम सिरीज किंवा बोसचे क्वाएटकम्फर्ट, बोलण्याचा आवाजही बऱ्यापैकी दबतो आणि गादी मऊ असते, तीन-चार तास घातले तरी कान दुखत नाहीत. मी तर म्हणेन की तुम्ही जास्तीचे पैसे या गादीचेच देताय. मला चष्मा आहे, चष्म्याची काडी गादीखाली आली की फट पडते आणि तिथून घरघर आत येते, मऊ गादीत हे कमी होतं. कानातलं मोठं असेल तर ते दाबलं जाऊन दुखतं, मी आता ऑफिसला बारीक खडेच घालते. त्यामुळे घ्यायच्या आधी दुकानात चष्मा आणि कानातल्यासकट अर्धा तास तरी घालून बसा, सेल्समन चुळबुळ करेल, करू दे. आणि एप्रिल-मेमध्ये लाइट गेली की कानाभोवती घाम येतोच, कुठलाही ब्रँड असो.

कॉलचा विषय वेगळा आहे आणि इथे बरेच जण गोंधळतात. नॉइज कॅन्सलिंगमुळे तुम्हाला शांत वाटतं, समोरच्याला नाही! तुमच्या मागचा कालवा त्याला ऐकू जाणार की नाही हे माइकवर आणि टीम्स किंवा झूममधल्या नॉइज सप्रेशनवर ठरतं. दिवसभर क्लायंट कॉलच असतील तर तोंडापुढे दांडीचा माइक असलेला साधा ऑफिस हेडसेट घ्या, निम्म्याहून कमी पैशात काम होईल. शिवाय विंडोज लॅपटॉपवर ब्लूटूथचा माइक चालू झाला की बऱ्याचदा सगळाच आवाज जुन्या लँडलाइनसारखा होतो, मी लॅपटॉपचाच माइक सिलेक्ट करते आणि फक्त ऐकायला हेडफोन ठेवते. आणि हो, आधी आयटीवाल्यांना विचारा की ऑफिसच्या लॅपटॉपवर ब्लूटूथ चालू आहे का, काही कंपन्यांत पॉलिसीने बंद असतं, मग वायर लावून ऐकावं लागतं.

दोन डिव्हाइस एकदम जोडता येणं मात्र मस्ट आहे, लॅपटॉपवर मीटिंग आणि मोबाईलवर आईचा फोन, काहीच बदलावं लागत नाही. बॅटरी सोनीच्या एक्सएम 5 ची कॅन्सलिंग चालू ठेवून 30 तास सांगतात, म्हणजे रोज चार्ज करायची कटकट नाही.

घरून काम करणाऱ्यांसाठी एक खास सूचना, गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांची प्रॅक्टिस सुरू झाली की हे हेडफोन फारसे उपयोगी पडत नाहीत. ढोल खालच्या पट्टीत असला तरी ठोका एकदम येतो, सलग नसतो, आणि ताशाचा कडकडाट तर वरच्या पट्टीतला. आत फोमचे इअरप्लग आणि वरून हेडफोन असं केलं तर बरंच सुसह्य होतं. इअरप्लग मेडिकलमध्ये अगदी किरकोळ पैशात मिळतात, पहिल्यांदा तेच आठवडाभर ऑफिसमध्ये वापरून बघा, त्याने भागलं तर पंचवीस-तीस हजार वाचले.

कोणी आपल्याशी बोलायला आलंय हे कळत नाही त्याचंही बघा. आमच्याकडे पँट्रीतल्या मावशी चहा घेऊन यायच्या आणि दोनदा हाक मारून परत जायच्या, मला फार वाईट वाटायचं. आता दुपारी चहाच्या वेळेला मी बाहेरचा आवाज आत सोडणारा मोड लावून ठेवते. रस्ता ओलांडताना आणि गाडीवर तर हे हेडफोन अजिबात नको, पुण्यात मागून कोण कुठून येईल सांगता येत नाही.

घेताना एकदम नवीनच मॉडेल पाहिजे असं काही नाही, नवीन आलं की मागचं स्वस्त होतं. रोज सॅकमधून नेणार असाल तर दुमडणारं बघा, एक्सएम 4 आणि एक्सएम 6 दुमडतात, एक्सएम 5 नाही. तापकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, वायर, कव्हर असलं काहीही बिनधास्त घ्या पण हेडफोनला कंपनीचं पक्कं बिल आणि वॉरंटी घ्याच, आणि तिथेच विचारून ठेवा की गाद्या वेगळ्या मिळतात का, कारण आपल्या हवेत त्यांचं रेक्झिन आधी सोलवटतं.