नवे टायर पुढं की मागं : बोलेरोचे सात महिने आणि एक वळण

2025च्या ऑगस्टमध्ये दोन टायर घेतले आणि जानेवारीत आणखी दोन. चारही एकदम घेतले असते तर एवढं लिहायची वेळ आली नसती. पण एकदम सव्वीस हजार काढायचे म्हणजे जिवावर येतं, आणि जुन्या दोन टायरांत अजून खाच दिसत होती. खाच दिसत असताना टायर टाकून देणारा माणूस आमच्या घराण्यात झालेला नाही.

गाडी 2017ची बोलेरो. टायरची साइज बोलेरोवाल्यांना ठाऊक आहे, 215/75 आर 15. माझ्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नाही. सातारा ते महाबळेश्वर, मेढा-केळघरमार्गे, महिन्यातून चार-पाच खेपा होतात, कारण सासुरवाडी वर आहे आणि सासऱ्यांची स्ट्रॉबेरी आहे. जाताना गाडी रिकामी, येताना मागं क्रेट. ही रिकामी-भरलेली भानगड पुढं महत्त्वाची आहे, लक्षात ठेवा.

ऑगस्टमध्ये पुढचे दोन टायर टकले झाले होते, पट्टीच्या खुणेला टेकलेच होते. (खाचेच्या तळाशी आडवी उंच पट्टी असते ना, ती 1.6 मिलिमीटरवर असते. नक्षी तिच्या बरोबरीला आली की टायर संपला.) मागच्या दोघांत तीन मिलिमीटर शिल्लक होतं. टायरवाला म्हणाला, "साहेब, दोन नवे टाका, पुढं टाका. इंजिन पुढं, स्टिअरिंग पुढं, तुमची मान पुढं." मला पटलं. शिवाय त्यानं साधे हायवेचे न देता एटी, म्हणजे ऑल-टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे, गळ्यात मारले. ठोकळे-ठोकळेवाली नक्षी, दिसायला रुबाबदार. बाजूवर एम आणि एस ही अक्षरं दाखवून म्हणाला, "हे बर्फातपण चालतात." मी म्हटलं, साताऱ्यात बर्फ फक्त रसवंतीत असतो. तरी घेतले. एकेक साडेसहा हजार.

कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही. त्या दुकानात अजून माझं येणं-जाणं आहे.

एक दुखणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पोट मोकळं होईल. पंतप्रधानांनी पंधरा ऑगस्टच्या भाषणात दिवाळीपर्यंत जीएसटी कमी होणार असं सांगितलं होतं. मी वीस तारखेला दुकानात विचारलं, थांबू का? "काही होत नाही हो, टायरला कोण विचारतंय." 22 सप्टेंबरला टायरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. साडेसहा हजारांच्या टायरमागं पाचशे रुपये, दोघांचे हजार. महिनाभर थांबलो असतो तर हजार रुपये खिशात राहिले असते. हे मी बायकोला सांगितलं नव्हतं, तिनं पेपरात वाचलं.

दिवाळीपर्यंत मात्र मी टायरांवर खूश होतो. पाऊस लांबला होता, केळघर घाटात पाणी वाहत होतं, पुढची चाकं रस्त्याला चिकटून वळायची. आवाज थोडा वाढला. खाचांत खडी अडकून हायवेला टक-टक-टक वाजायचं. दर रविवारी पेचकस घेऊन खडी काढत बसायचो, शेजारचे विचारायचे, कसली साधना चालू आहे. लिटरमागं पाऊण किलोमीटरनं ॲव्हरेज घटलं. चालायचंच. मित्रांना मीच सांगत सुटलो होतो, दोन टाका, पुढं टाका, पैसे वाचवा.

मग डिसेंबर आला.

आपल्याकडचा हिवाळा रस्त्यावर कसा येतो हे कारखान्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यालाच कळेल. ट्रॅक्टर-ट्रॉली भिजल्या रानातून ऊस घेऊन डांबरावर येते आणि चाकांतला काळा चिखल शंभर-दोनशे मीटर पसरत जाते. दिवसा तो वाळून पापडी होतो. पहाटे त्यावर दव पडतं. पाणी भरपूर असतं तर चिखल धुऊन गेला असता, पण दव नेमकं तेवढंच पडतं जेवढ्यानं लोणी होतं. पावसापेक्षा हे वाईट. पावसात माणूस सावध असतो, इथं वर आभाळ निरभ्र असतं.

पहाटेचे सहा, मेढ्याच्या अलीकडं, गाडी रिकामी, डावं वळण. वेग चाळीसच्या आत. वळणाच्या तोंडाशी मी सवयीनं तिसऱ्यातून दुसरा टाकला आणि क्लच झटक्यात सोडला. पुढची चाकं आज्ञाधारकासारखी वळली. मागचं शेपूट मात्र सरळ निघालं. म्हणजे गाडीचं तोंड बांधाकडं आणि बूड रस्त्याच्या मधोमध. पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता, ब्रेकला हात… म्हणजे पाय लावला नाही हे नशीब, स्टिअरिंग जिकडं शेपूट चाललं होतं तिकडं फिरलं. गाडी दोनदा डोलली आणि मैलाच्या दगडापासून हातभर अंतरावर उभी राहिली. समोरून कोणी आलं नाही. बायको पाच-सहा सेकंद गप्प होती. मग तिनं विचारलं, "अंडी मागं ठेवलीत का?" अंडी मागंच होती.

त्याच रात्री भाच्याला फोन केला. तो जर्मनीत असतो, त्याच्याकडं जुनी बीएमडब्ल्यू आहे, तीही बोलेरोसारखी मागच्याच चाकांवर चालणारी, म्हणजे इंजिनची ओढ मागच्या चाकांना. "मामा, नवे टायर कुठं आहेत?" पुढं. "आणि तुम्ही उतरत्या गिअरनं वेग मारला?" हो. मग त्यानं अर्धा तास शिकवणी घेतली. जमेल तेवढी इथं उतरवतो, कारण मला हे आठ वर्षांत कोणी सांगितलेलं नव्हतं.

पुढची चाकं सुटली की गाडी वळत नाही, सरळ जाते. भीती वाटते, पण पाय काढला, वेग पडला की पकड परत येते. घाबरलेला माणूस आपोआप जे करतो, तेच तिथं उपयोगी पडतं. मागची चाकं सुटली की गाडी भोवऱ्यासारखी फिरायला बघते, आणि घाबरून ब्रेक दाबला की आणखी फिरते. म्हणून दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीलासुद्धा मागंच. मग मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर ओढही मागं, गिअरचा ब्रेकही फक्त मागं. मी दुसरा टाकला तेव्हा इंजिननं फक्त मागची चाकं धरली, आणि तीच तीन मिलिमीटरची, वरून रिकामी, हलकी. कमानपाट्यावरचं रिकामं बूड किती उडतं ते बोलेरोवाल्याला सांगायला नको. आणि एबीएस असतं तरी गिअरच्या या झटक्याला ते धावून येत नाही.

म्हणजे मी नेमकं काय केलं होतं? पुढची पकड वाढवली, मागची तशीच ठेवली. आधी चारही चाकं ढिली होती, पुढची तर जास्तच, त्यामुळं निदान शेपूट आधी सुटायचं नाही. मी साडेसहा-साडेसहा हजार देऊन पुढच्याला शहाणं आणि मागच्याला मागास ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात. बदला म्हटलं, मागचे पुढं, पुढचे मागं. चारशे रुपये. "चूक तुमची, पैसे माझे?" तर म्हणतो, "चूक कसली साहेब, सगळे पुढंच टाकतात. पुढचा फुटला तर गाडी कुठं जाईल?" त्याच्या म्हणण्यात एक कण खरा आहे, पुढचा टायर फुटणं वाईटच. पण फुटण्याजोगा टायर पुढं ठेवू नये तसा मागंही ठेवू नये. पाऊण तास घातला. बाकावर बसलेले दोन ट्रकवाले माझ्या बाजूनं बोलले, एक रिक्षावाला त्याच्या. शेवटी दोनशे आणि एक चहा. बॅलन्सिंगचे वेगळे लावले ते लावलेच.

त्या भांडणात आणखी एक गोष्ट दिसली. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. माझ्या "नव्या" टायरांवर 0924. म्हणजे 2024च्या नवव्या आठवड्यात बनलेला टायर मला ऑगस्ट 2025मध्ये विकला. सावलीत नीट ठेवलेला टायर तेवढ्यानं वाया जात नाही, हे मला मान्य. पण कोथिंबिरीची जुडी घेताना आपण उलटून-पालटून बघतो आणि साडेसहा हजारांची वस्तू घेताना साल बघत नाही, हा राग कुणावर काढायचा?

नवे मागं गेल्यावर फरक दुसऱ्याच खेपेला कळला. त्याच पट्ट्यात शेपूट गप्प. सासऱ्यांच्या शेतात उतरणारा कच्चा चढ, जिथं आतलं चाक जागेवर फिरत बसायचं, तिथं दुसऱ्या गिअरवर सावकाश वर. शिवाय भाच्यानं सांगितलेला तिकडचा जुना उपाय केला, मागं वजन. तिकडं वाळूची पोती टाकतात. आपल्याकडं वाळूचा भाव बघता मी सरकी पेंडीची दोन पोती टाकली, नाहीतरी सासऱ्यांच्या म्हशीला न्यायचीच असतात. पोती बरोबर मागच्या ॲक्सलच्या वर आणि दोरीनं आवळून. अगदी दाराशी ठेवली तर शेपटाला झोका मिळतो, आणि मोकळी ठेवली तर ब्रेक दाबल्यावर ती पाठीत येतात.

इथवर लिहून थांबलो असतो तर "दोन घ्या, मागं टाका" एवढाच सल्ला झाला असता. डिसेंबरभर माझं मत तेच होतं. संक्रांतीच्या आसपास ते बदललं. केळघर उतरताना समोर कुत्रं आलं, ब्रेक दाबला, रस्ता दवानं ओला, आणि पुढची जुनी चाकं लॉक होऊन गाडी सरळ सरकत गेली. कुत्रं वाचलं ते त्याच्या चपळाईनं. भाच्याला सांगितलं तर हसला. म्हणाला, तिकडं मागच्या चाकांच्या गाडीला पहिल्यांदा थंडीचे टायर घेणारा माणूस हीच काटकसर करतो, दोनच घेतो, ओढणाऱ्या चाकांना. गाडी सुटते झकास, पण थांबत नाही आणि वळत नाही. ब्रेकचं बरंचसं ओझं पुढच्या चाकांवर येतं. म्हणून चार म्हणजे चार, एकाच जातीचे. शेजारच्या ऑस्ट्रियात तर थंडीच्या टायरला 4 मिलिमीटर खाच कायद्यानंच लागते. माझे तीनवाले तिथं भंगारात गेले असते.

मग आपणही तसले थंडीचे टायर का घेऊ नयेत? मी पुण्यात फोन करून विचारलं होतं, पलीकडचा माणूस हसला. त्या टायरांचं रबर मऊ असतं, ठोकळ्यांवर ब्लेडनं कापल्यासारख्या बारीक चिरा असतात. साधारण 7 अंशांच्या खाली साधं रबर कडक होतं तिथं ते उपयोगी. जर्मनीत ऑक्टोबर ते ईस्टर असा रिवाज आहे, आपल्या हिशेबानं दसरा ते पाडवा. आपल्याकडं वेण्णा तलावाजवळ गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर दव गोठतं, फोटो दरवर्षी पेपरात येतात. पण डांबर दिवसाची ऊब धरून असतं, आणि दुपारी खाली साताऱ्यात घाम येतो. मऊ रबर एप्रिल-मेमध्ये खोडरबरासारखं झिजेल. आणि ती एम-एस अक्षरं? ती नक्षीच्या घडणीवरून कंपनी स्वतःच टाकते. बर्फावर तपासलेल्या टायरला तीन शिखरांचं आणि हिमफुलाचं चिन्ह असतं. जर्मनीत ऑक्टोबर 2024पासून थंडीसाठी तेच चिन्ह चालतं, नुसतं एम-एस नाही. माझ्या टायरवर डोंगरही नाही आणि फूलही नाही.

जानेवारीत तेच मॉडेल आणखी दोन घेतले, साल बघून, 18 टक्क्यांत, 5,990 रुपयांना. दुकानदारानं जुन्या दोघांचे मिळून चारशे दिले. तेवढ्यात बॅलन्सिंग निघालं.

आता एटीबद्दल. शेतात उतरायचं नसेल तर घेऊ नका. ओल्या डांबरावर भरपूर खाचेचा साधा हायवे टायर तितकाच धरतो, कदाचित जास्तच, आणि खडी उपसत बसावं लागत नाही. काळ्या मातीत तर एटीच्याही खाचा लिंपून गोळा होतात. मला शेवटचे सातशे मीटर कच्चे आहेत म्हणून उपयोग होतो, बाकीचे पंचावन्न किलोमीटर मी त्या सातशे मीटरांसाठी आवाज ऐकतो.

हवा सकाळी थंड टायरमध्ये भरा. मी दुपारी, गाडी चालवून आल्यावर मोजायचो, पहाटे वर गेल्यावर ती तीन-चारनं कमी भरायची. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की हवेचा दाब एक पीएसआयनं उतरतो, असं ढोबळ गणित आहे.

आजवर 9,400 किलोमीटर झाले. डिसेंबरनंतर शेपूट एकदाही निघालेलं नाही, पण क्लचही मी आता झटक्यात सोडत नाही, तेव्हा सगळं श्रेय टायरांना द्यायला तयार नाही. आणि साल वाचायची खोड लागल्यापासून परवा सहज स्टेपनीखाली वाकलो. 3117. बायकोला अजून सांगितलेलं नाही.