कॉन्टूरिंगचा ऑनलाइन कोर्स: घ्यावा का?

२०२० च्या जूनमध्ये मी एमडी रेडिएशन ऑन्कोलॉजीच्या (कॅन्सरवर रेडिएशनने उपचार) दुसऱ्या वर्षाला होते आणि निम्मी ड्युटी कोविड वॉर्डात. प्लॅनिंग रूममध्ये एका वेळी दोघंच, त्यामुळे सरांच्या खुर्चीमागे चौघांनी घोळका करून शिकायचं ते बंदच झालं. म्हणून कॉन्टूरिंगचा, म्हणजे रेडिएशन कुठे द्यायचं आणि कुठे टाळायचं ते सीटीवर आखायचा, हा पेड कोर्स घेतला (नाव लिहीत नाही, उगाच वाद नको). सहा आठवडे, दर शनिवारी कॅन्सरची एक साइट (शरीराचा एक भाग). ज्युनिअर्स अजून विचारतात, घेऊ का मॅडम, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

कॉन्टूरिंगसाठी मस्तच आहे. सीटीच्या एकेक स्लाइसवर आपण ट्यूमर, लाळग्रंथी, स्पायनल कॉर्ड आखायचं आणि मग फॅकल्टीची रेघ आपल्या रेघेवर येऊन पडते. माझी पहिली पॅरोटिड (कानापुढची लाळग्रंथी) बघून मलाच हसू आलं, अर्धी शेजारच्या स्नायूत घुसलेली! एरवी सर नुसतं "हं" म्हणून माऊस हातात घ्यायचे आणि स्वतःच दुरुस्त करायचे, चुकलं कुठे ते कळायचंच नाही. ब्रेस्ट कॅन्सरच्या सेशनला तर त्याच एप्रिलमध्ये आलेल्या फास्ट-फॉरवर्ड ट्रायलवर तासभर चर्चा झाली, तीन आठवड्यांत १५ वेळा मिळून ४० ग्रे (रेडिएशनच्या डोसचं एकक) द्यायच्या ऐवजी एका आठवड्यात ५ वेळा मिळून २६ ग्रे, आणि तेव्हा पेशंटच्या फेऱ्या कमी करायच्याच होत्या त्यामुळे सगळ्यांचे कान टवकारलेले.

बाकी ऑडिओ भंगार, आणि चॅटमधल्या प्रश्नांना उत्तर मिळालं तर नशीब.

खरी गोची पुढच्या वर्षी कळली. जिभेच्या कॅन्सरचा पेशंट, दातांतल्या फिलिंगमुळे सीटीवर नुसत्या पांढऱ्या रेघोट्या, तरी मी कोर्समध्ये शिकल्यासारखं सुबक आखून ठेवलं. सर म्हणाले, ग्लोव्ह घाल आणि बोट लावून बघ. जीभ मिडलाइनच्या पार पलीकडेपर्यंत कडक लागली, म्हणजे ट्यूमर तिथवर होता, माझी रेघ अलीकडेच थांबलेली. कोविडमध्ये तोंडात बोट घालून तपासणं जवळजवळ बंदच होतं ना, ते कुठल्या झूमवर शिकणार?

तर आधी ईकॉन्टूर ही कॉन्टूरिंगची वेबसाइट बघा, फुकट आहे. त्यानंतरही घ्यावासा वाटला तर दुसऱ्या वर्षात घ्या, थिसिसच्या धावपळीत नको. पाचपैकी साडेतीन. अर्धा मार्क कापला तो रेकॉर्डिंग तीस दिवसांत बंद केलं म्हणून, पैसे पूर्ण घेतले होते की!