टेक्सासमधली एक्स्टेंडेड वॉरंटी: कॉम्प्रेसर त्यांच्या खर्चाने, गॅस आमच्या

वापरलेली सात सीटर घेताना डीलरच्या फायनान्स ऑफिसमध्ये एक्स्टेंडेड वॉरंटी, म्हणजे पुढच्या बिघाडांचा दुरुस्तीखर्च देणारा करार, घेतली. तिचे पैसे कर्जातच जोडले, म्हणजे त्यावर व्याजही चालू आहे. अशा वेळी तिच्यातला डॉलर न् डॉलर वसूल व्हावा ही अपेक्षा मला रास्त वाटते. यंदाच्या उन्हाळ्यात डॅलसचा पारा १०० फॅरनहाइटच्या वर असताना एसीचा कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) गेला आणि पहिल्यांदाच क्लेमची वेळ आली.

वॉरंटी विकतो डीलर. पैसे देण्याची कायदेशीर जबाबदारी असते करारात बारीक अक्षरात छापलेल्या दुसऱ्याच कंपनीची. फोन उचलणारी, कागद मागणारी आणि हो-नाही ठरवणारी असते तिसरीच, ती ॲडमिनिस्ट्रेटर. तुमचा सगळा अनुभव या तिसऱ्या कंपनीवर ठरतो आणि विकत घेताना तिचं नावही कुणी काढत नाही. डीलर कितीही ओळखीचा असो, सहीच्या आधी हे नाव विचाराच.

क्लेम आपण नाही, गॅरेजने फोन करून उघडायचा असतो. मंजुरीचा ऑथरायझेशन नंबर मिळण्याआधी काम सुरू केलं तर क्लेम बाद. मजुरीचे तास ॲडजस्टर, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरचा क्लेम तपासणारा माणूस, छापील लेबर गाइडमधून मोजतो, तासाच्या दरालाही कमाल मर्यादा असते, वरचा फरक आपण भरायचा. पार्ट नवाच मिळेल असं नाही, रीमॅन्युफॅक्चर्ड, म्हणजे जुनाच दुरुस्त करून नव्यासारखा केलेलाही चालतो. हे सगळं आमच्या करारात लिहिलेलं होतं, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही.

सुरुवातीलाच त्यांनी ऑइल बदलल्याच्या पावत्या मागितल्या. एसीच्या कॉम्प्रेसरचा इंजिन ऑइलशी काय संबंध, हे ॲडजस्टरला सांगता आलं नाही. नवरा ऑइल घरीच बदलतो. ऑइल आणि फिल्टरच्या पावत्यांवर तारीख आणि मायलेज लिहून त्या फाइलला लावलेल्या होत्या, त्या स्कॅन करून पाठवल्या आणि चालल्या. घरी ऑइल बदलणाऱ्यांनी दुकानाची एकही पावती टाकू नये.

मग उत्तर आलं: कॉम्प्रेसर मंजूर, कंडेन्सर (गॅस थंड करणारी जाळी) नामंजूर. कारण काय, तर कंडेन्सर स्वतः बिघडलेला नाही. कॉम्प्रेसर आतून तुटला की धातूचा चुरा गॅस आणि तेलाबरोबर फिरत राहतो आणि कंडेन्सरच्या अतिशय बारीक नळ्यांत अडकतो. हल्लीचे पॅरलल-फ्लो कंडेन्सर फ्लश करूनही नीट साफ होत नाहीत. जुनाच ठेवला तर तो चुरा नवा कॉम्प्रेसरही खराब करतो, आणि मग पुढच्या क्लेमच्या वेळी हेच लोक विचारतात की सिस्टिम साफ का केली नव्हती. त्या दिवशी मी या रिव्ह्यूचा पहिला मसुदा लिहिला, त्यात पाचपैकी एक तारा होता.

तो आता तीनवर नेते आहे, आणि त्याचं श्रेय गॅरेजवाल्याचं आहे. त्याने एसीच्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (गॅस सोडणाऱ्या बारीक झडपेत) सापडलेल्या चुऱ्याचे फोटो काढले आणि अशा बिघाडात कंडेन्सर बदलाच, अशी गाडी बनवणाऱ्या कंपनीची लेखी सूचना जोडून पाठवली. मी सुपरवायझर मागितला आणि एवढंच म्हटलं की नकार ज्या कलमावर दिला ते कलम ईमेलने पाठवा. कलम आलं नाही, तपासनीस आला. त्याने वाद घातला नाही, दिसलं ते टिपून नेलं, आणि कंडेन्सर मंजूर झाला. काम झाल्यावर गॅरेजला पैसे फोनवरच कार्डने मिळाले. आम्ही फक्त १०० डॉलर डिडक्टिबल, म्हणजे करारात ठरलेला आमचा वाटा, भरलं. आणि गॅसचे पैसे.

गॅसवरून माझं डोकं अजून शांत झालेलं नाही. २४० डॉलर. करारात रेफ्रिजरंट, म्हणजे हा एसीचा गॅस, 'फ्लुइड्स' या यादीत आहे, वायपरचं पाणी आणि कूलंटच्या शेजारी, म्हणून कव्हर नाही. एसी ही बंद सिस्टिम आहे. गॅस वापरून संपत नाही, ठरावीक मैलांनी बदलायचाही नसतो. कॉम्प्रेसर काढायचा तर आधी गॅस काढावाच लागतो, आणि तो हवेत सोडायला क्लीन एअर ॲक्टची बंदी आहे. त्याच कायद्याच्या कलम ६०९ खाली प्रमाणपत्र असलेल्या माणसाने मशीनने तो ओढून घ्यावा लागतो. आमच्या गाडीत महागडा आर-१२३४वायएफ जातीचा गॅस आहे. म्हणजे मंजूर केलेला कॉम्प्रेसर गॅसशिवाय बसवून उपयोग शून्य, आणि गॅस मात्र गिऱ्हाइकाने भरायचा! पेट्रोल पंपावर गाडीत भरतो त्या पेट्रोलसारखा हा गॅस धरायचा, हे कुठल्याही मेकॅनिकला पटणार नाही.

नवरा म्हणतो, दोन हजारांच्या वरचं काम झालं, २४० सोडून दे. मी सोडत नाही. टेक्सासमध्ये सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट (कायद्याच्या भाषेत एक्स्टेंडेड वॉरंटी) देणाऱ्या आणि चालवणाऱ्या कंपन्यांवर टीडीएलआर या राज्याच्या परवाना खात्याची देखरेख असते, तिथे मी तक्रार दिली आहे. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार अशा कराराच्या अटी ठळक आणि साध्या, समजणाऱ्या भाषेत सांगायला हव्यात. पहिल्या पानावर 'एअर कंडिशनिंग' मोठ्या अक्षरात आणि गॅस नाही हे आतल्या यादीत, याला मी ठळक म्हणत नाही.

तक्रारी कुठेच पोचत नाहीत असं नाही. जुलै २०२४ मध्ये एफटीसी या केंद्रीय ग्राहक-संरक्षण संस्थेच्या प्रकरणात अशाच वॉरंट्या विकणारी कारशील्ड आणि तिची ॲडमिनिस्ट्रेटर अमेरिकन ऑटो शील्ड यांनी १ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. जाहिरातीतली आश्वासनं आणि प्रत्यक्षातलं कव्हर यांतला फरक हाच तिथे मुद्दा होता. आमची कंपनी ती नाही, पण करार वाचण्याची पद्धत मला ओळखीची वाटली.

करार रद्द करायचा विचार केला होता. कर्ज चालू असताना उरलेल्या मुदतीचा परतावा आपल्या हातात येत नाही, बँकेकडे जाऊन मुद्दलातून वजा होतो, हे कळलं. शिवाय ट्रान्समिशन अजून कव्हरमध्ये आहे आणि त्याचं काम कॉम्प्रेसरच्या दुप्पट-तिप्पट महाग, म्हणून ठेवतो आहोत. नवऱ्याच्या गाडीसाठी तोच डीलर तोच प्लॅन घेऊन आला, तेव्हा मी आधी पूर्ण कराराची पीडीएफ मागवली आणि एकच ओळ शोधली: मंजूर दुरुस्तीसाठी लागणारा रेफ्रिजरंट देतात का. अशी ओळ काही करारांत असते. या करारात नव्हती, म्हणून घेतला नाही.