१०९८ बालसाहाय्य क्रमांक: उदगीर भागातील अनुभव

ऊसतोडीची उचल घेतलेली कुटुंबे कारखान्याकडे निघण्याआधी मुलींची लग्ने उरकण्याची घाई आमच्या भागात आजही करतात, आणि अशाच एका लग्नाबाबत मी १०९८ या चोवीस तास चालणाऱ्या विनाशुल्क क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या ताईंनी माझे नाव गुप्त राहील असे सांगून मुलीचे वय, गाव आणि मुहूर्त शांतपणे विचारून घेतले. संध्याकाळी ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका आणि पोलीस मांडवात पोहोचले, तेव्हा मुलीच्या हातावरची हळद अजून ओली होती. सेवा उत्तम आहे, यात शंका नाही.

फोन मात्र अक्षता पडण्याआधीच करावा. २००६ च्या केंद्रीय कायद्यानुसार झालेला बालविवाह सहसा आपोआप रद्द होत नाही, तर मुलीला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत स्वतः न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि सासरी नांदणाऱ्या किती मुली ते धाडस करतील? सीमेपलीकडे, बिदरच्या बाजूला, कर्नाटकाने २०१६ च्या दुरुस्तीने असा विवाह मुळातच अवैध ठरवला आहे. महाराष्ट्रानेही तेच करावे, असे मला मनापासून वाटते.