बँकेनं नाही म्हणल्यावर इथं रस्ता सापडला (सोलापूर, सात रस्त्याजवळचं सीए ऑफिस)

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक चालू टॉवेलचा कारखाना विकायचा होता, 24 माग, मालकाचं वय झालेलं आणि मुलगा बेंगलोरला. शेडसकट 95 लाख सांगत होते. मी तिथंच नऊ वर्षं सुपरवायझर होतो त्यामुळं कारखान्याची नस न् नस माहिती, पण हातात 15 लाख. दोन बँका फिरलो, दोन्हीकडं एकच, माग जुने आहेत, तारण काय देणार, आणि तुमच्या गिऱ्हाईकांच्या ओळखीवर आम्ही कर्ज देत नाही.

मग ह्या ऑफिसला गेलो. सरांनी आधी कर्जाचा विषयच काढला नाही, विचारलं की मालकाला एकदम पैसे कशाला पायजेत? हे मला सुचलंच नव्हतं. दुसऱ्या रविवारी ते स्वतः कारखान्यात आले, मागांच्या खडखडाटात काही ऐकू येईना म्हणून आम्ही तिघं सुताच्या पेट्यांवर मागं गोडाऊनला बसलो, आणि मालक म्हणले, मला महिन्याला पैसे आले तर बरंच की, एकदम घेऊन मी ठेवू कुठं.

तिथंच निम्मं काम झालं. शेड विकत न घेता भाड्यानं, पुढं विकायची झाली तर पहिला हक्क माझा. माग, माल आणि धंदा 46 लाखांत. माझे 15, बायकोच्या सोन्यावर 10 (सगळं सोनं ठेवू नका, अडीनडीला राहू द्या, हे सरांनी दोनदा बजावलं), आणि राहिलेले 21 लाख मालकालाच 30 हप्त्यांत, व्याजासकट. पुण्याचा एक व्यापारी निम्म्याच्या आसपास माल उचलतो, तो पहिल्या वर्षात तुटला तर शेवटचे 4 लाख द्यायचे नाहीत असंही करारात घातलंय. मालक आधी चिडले होते पण मग स्वतःच त्या व्यापाऱ्याला फोन लावून माझी ओळख करून दिली.

मला सगळ्यात आवडलं ते कागद. अख्खा चालू धंदा हस्तांतर केला म्हणून त्यावर जीएसटी लागला नाही, नुसते माग विकत घेतले असते तर 18 टक्के गेले असते. जुन्या मालकानं खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-02 फॉर्मनं माझ्याकडं आलं. महावितरणची थकबाकी, कामगारांच्या पीएफची मागची बाकी, ते सगळं आधी तपासून घेतलं, कारण पीएफचं देणं नवीन मालकाच्या पण अंगावर येतं.

तक्रार एकच आणि ती मी तोंडावर पण सांगितली. शेड भाड्यानं द्यायला एमआयडीसीची परवानगी आणि त्याचं शुल्क लागतं हे आम्हाला करार टाईप झाल्यावर कळालं, दीड महिना तिथं गेला आणि दिवाळीची ऑर्डर जुन्या मालकाच्या नावावरच काढावी लागली. फोन पण दुपारी उचलत नाहीत, संध्याकाळी सहानंतरच करा.

फी कमी नाही, पण दोन टप्प्यांत घेतली, अर्धी करार झाल्यावर. आज अकरावा हप्ता गेला. जाणार असाल तर विकणाऱ्याची तीन वर्षांची जीएसटी रिटर्न आणि लाईट बिलं सोबत घेऊन जा, तेच पहिलं मागतात, आणि बिलावरचे युनिट बघून माग खरंच किती चालतात ते तिथंच सांगतात.