कॉलेजच्या शिक्षकांसाठीचा ऑनलाइन + प्रत्यक्ष टीचिंग कोर्स : कसा वाटला

कॉलेजात शिकवणाऱ्यांसाठीचा एक कोर्स नुकताच केला, अर्धा ऑनलाइन अर्धा प्रत्यक्ष वर्गात, आणि विषय हाच की दोन्हीकडे नीट शिकवायचं कसं. स्टाफरूममध्ये बरेच जण विचारतायत करू का नको, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी स्टॅटिस्टिक्स शिकवते पण बॅचला भाषा, केमिस्ट्री, कॉमर्स असे सगळेच होते.

सगळ्यात आवडलं ते आधी सांगते. शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्या तासाला लेक्चर दिलंच नाही. आल्या आल्या स्क्रीनवर एक प्रश्न टाकला, वर्गातल्या प्रत्येकाला ५ मार्क वाढवून दिले तर सरासरी किती वाढेल आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (म्हणजे मार्क सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) किती वाढेल? आपसात बोलायचं नाही, आधी ज्याने त्याने आपलं उत्तर मोबाइलवर द्यायचं. उत्तरं उघडली तर बऱ्याच जणांचं म्हणणं दोन्ही ५ ने वाढणार. मॅडम बरोबर-चूक काहीच बोलल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळंय त्याला शोधा आणि पटवून द्या. माझ्या शेजारी भाषा शिकवणारे एक सर होते, त्यांनी वहीत तीन ठिपके काढले, त्यांच्या खालीच तेच तीन ठिपके थोडे उजवीकडे सरकवून काढले आणि समोरच्याला म्हणाले, "अहो, यांच्यातलं अंतर कुठे बदललं?" फॉर्म्युला नाही, व्याख्या नाही, आणि स्टँडर्ड डेव्हिएशन बदलत नाही हे समोरच्याला तिथल्या तिथे पटलं. माझ्या विषयातली गोष्ट दुसऱ्या विषयाच्या माणसाने इतकी सोपी करून सांगितलेली बघून मला फार भारी वाटलं.

ही पद्धत म्हणजे पीअर इन्स्ट्रक्शन, हार्वर्डला फिजिक्स शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९१ पासून वापरलेली. त्यातला आकडा लक्षात ठेवण्यासारखाय, पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर मुलांना चर्चेला सोडायचं. त्याहून कमी असतील तर मुद्दा डोक्यात गेलेलाच नाही, परत समजवा, आणि जास्त असतील तर थोडक्यात सांगून पुढे चला. वर्ग असो का स्क्रीन, नियम तोच, आणि मला वाटतं कोर्सचं सगळं सार यातच आलं. शिक्षक किती छान बोलला यापेक्षा त्या तासात मुलाने स्वतः डोकं किती चालवलं ते बघा, माध्यम नंतर.

याला आधारही दिला, नुसतं मत म्हणून सांगितलं नाही. २०१४ मध्ये सायन्स, इंजिनिअरिंग, मॅथ्सच्या २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात नुसत्या लेक्चरच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३४ टक्क्यांच्या आसपास आणि मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २२ च्या आसपास. पण मला जास्त महत्त्वाचा वाटला तो २०१९ चा हार्वर्डचा अभ्यास. तिथे अशा वर्गातली मुलं टेस्टमध्ये जास्त शिकलेली निघाली पण त्यांना स्वतःला मात्र वाटत होतं की लेक्चरमध्येच जास्त कळलं! म्हणजे शिक्षक चांगला का वाईट हे फक्त मुलांच्या फीडबॅक फॉर्मवरून ठरवणाऱ्या प्रत्येक कॉलेजने हे वाचायलाच हवं. कोर्समध्ये यावर उपायही सांगितला, पहिल्याच आठवड्यात मुलांना मोकळेपणाने सांगायचं की हे जड जाणार आहे आणि का जड जाणार आहे ते.

ऑनलाइन भागात दोन गोष्टी सोन्यासारख्या मिळाल्या. एक, मुलांना सांगायचं की चॅटमध्ये उत्तर टाइप करा पण पाठवू नका, मी सांगितलं की सगळ्यांनी एकदम पाठवा. एरवी पहिलं हुशार मूल उत्तर टाकतं आणि बाकीचे तेच बघून टाकतात, इथे ते बंद होतं आणि कधीच तोंड न उघडणारी मुलंसुद्धा दिसायला लागतात. दुसरं म्हणजे ब्रेकआउट रूम, ऑनलाइन वर्गातले वेगळे छोटे गट. नुसतं "चर्चा करा" म्हणून पाठवलं की सगळे म्यूटवर बसून राहतात, त्यामुळे प्रत्येक गटाला शेअर केलेल्या फाइलमध्ये एक रकाना, लिहिणारा कोण ते आधी ठरलेलं, आणि वेळ ४ मिनिटं. शिक्षकाला बाहेर बसून कुठला रकाना रिकामा आहे ते दिसतं आणि तिथेच जाऊन मदत करता येते. रेकॉर्डिंगबद्दलही सांगितलं, एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या लाखो व्ह्यूजच्या अभ्यासात मुलं व्हिडिओ साधारण ६ मिनिटंच टिकून बघतात असं दिसलं, तेव्हा तासाभराचं लेक्चर तसंच अपलोड करू नका, तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यानंतर एक प्रश्न ठेवा.

प्रश्न विचारून थांबणं यावरही मॅडम छान बोलल्या. शिक्षणावर संशोधन करणाऱ्या मेरी बड रो यांनी मोजून दाखवलं होतं की शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब आणि विचार केलेली येतात. ऑनलाइन अजून जास्त थांबावं लागतं, मुलाला माइक चालू करायला वेळ लागतोच.

आता खटकलेलं. बाहेरून आलेल्या एका वक्त्याने बघून शिकणारे, ऐकून शिकणारे, करून शिकणारे अशी मुलांची वाटणी अगदी ठामपणे शिकवली. वाटणीप्रमाणे शिकवल्याने जास्त शिकणं होतं याला पुरेसा पुरावा नाही हे २००८ च्या मोठ्या आढाव्यातच आलंय, शिक्षकांच्याच कोर्समध्ये हे यायला नको होतं, मी तसं लेखी कळवलंय. हायब्रिड, म्हणजे अर्धी मुलं समोर आणि अर्धी स्क्रीनवर, हा सगळ्यात अवघड प्रकार पण तो शेवटच्या सेशनला घाईघाईत उरकला. वर्गात मागच्या बाकावरून कोणी बोललं की ऑनलाइनवाल्यांना काही ऐकूच जायचं नाही, खोलीत आणखी एक माइक का नव्हता कळलं नाही. आणि असाइनमेंटवरचा फीडबॅक कोर्स संपल्यावर आला, तोही दोन ओळींचा. तोच मधे आला असता तर पाठ घेऊन दाखवताना वापरता आला असता.

तरी एकूण नक्की करा म्हणेन, विशेषतः ज्यांच्याकडे मोठे वर्ग आहेत त्यांनी. स्टॅटिस्टिक्सच्या माझ्या वर्गात आता तो ५ मार्कांचा प्रश्न दरवेळी घेते, दोन्हीकडे मस्त चालतो. जाताना स्वतःचा सगळ्यात अडणारा टॉपिक तयार ठेवा कारण पाठ घेऊन दाखवायची संधी प्रत्येकाला एकदाच मिळते, आणि नाव पहिल्या काही जणांत द्या, शेवटच्या लोकांच्या पाठावर चर्चेला वेळच उरत नाही.