कॅटान: सहा महिने, एक पावसाळा आणि वाकलेले पत्ते

खानापूर, जांबोटी, लोंढा या बेळगावकडच्या पट्ट्यात राहत असाल आणि कॅटान हा बोर्ड गेम घ्यायचा विचार असेल, तर पत्त्यांना घालायच्या प्लॅस्टिकच्या कव्हरांचे पैसे गेमच्या किमतीत आधीच धरा. नियम काय, षटकोनी फरशा कशा मांडायच्या, दहा गुण कसे होतात, हे यूट्यूबवर पुष्कळांनी सांगून ठेवलंय. मी त्यात पडणार नाही. मला पत्त्यांबद्दल बोलायचं आहे.

गेम एप्रिलमध्ये मागवला, पोरांच्या सुट्टीसाठी. तीन हजारांच्या वर गेले. एवढ्यात कॅरमबोर्ड, सोंगट्या, पावडर सगळं येऊन वर रविवारचं मटण झालं असतं, हे आईने पार्सल फोडतानाच ऐकवलं. मे महिना झकास गेला. पत्ते नवेकोरे, पिसले की खडखड वाजायचे. मग जून लागला. कणकुंबीकडून येणारे ढग आमच्या डोक्यावरूनच पुढे सरकतात, आणि सरकतात कसले, मुक्कामच करतात. चपलांवर बुरशी, मिठाला पाणी, काडेपेटी पेटेना. अशा हवेत कागद काय करणार? पत्ता म्हणजे कागदाचे चिकटवलेले थर. एका बाजूने ओल जास्त शिरली की ती बाजू फुगते आणि पत्ता दुसऱ्या बाजूला वळतो. मित्राकडे विजापुरात हाच गेम आहे, त्याचे पत्ते अजून सरळ. म्हणजे दोष कागदाचा कमी आणि आमच्या आषाढाचा जास्त, हे मी मान्य करतो. पण तीन हजार माझे गेलेत, आषाढाचे नाही.

आता एवढं काय बिघडलं, असं विचाराल. कॅटानमध्ये डेव्हलपमेंटचे, म्हणजे माल देऊन विकत घ्यायचे खास पत्ते 25 असतात. 14 नाइट (आमच्यात त्यांना शिपाईच म्हणतात), 5 गुणांचे, आणि रोड बिल्डिंग, इयर ऑफ प्लेंटी, मोनोपॉली प्रत्येकी 2. गठ्ठा पालथा ठेवायचा, एक लोकर, एक गहू, एक खनिज दिलं की वरचा पत्ता आपला. वरचा पत्ता कुठला हे कुणालाच माहीत नसणं, यात सगळी मजा. आमच्या गठ्ठ्यातल्या एका मोनोपॉलीचा कोपरा असा वळला होता की दहावीतल्या पुतण्याने तो ओळखून ठेवला. तो पत्ता वर येईपर्यंत पोरगं गप्प. वर आला की लगेच विकत घेणार, आणि पुढच्या डावाला "सगळ्यांनी विटा द्या." मोनोपॉली म्हणजे एका मालाचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांच्या हातातला तो माल ओढून घ्यायचा. काकांनी जमवलेल्या सगळ्या विटा गेल्या. दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा काकांनी पत्ता हातात घेतला, दिव्याकडे धरून वाकडा बघितला आणि म्हणाले, "हे खुणेचे पत्ते आहेत. असल्या पत्त्यांवर आमच्या काळात डोकी फुटायची."

तेव्हा मी विकणाऱ्याला फोन लावला. नाव घेत नाही. बदलून देण्याची मुदत संपलीय हे मलाही माहीत होतं, मी फक्त त्या 25 पत्त्यांचा सुटा संच पैसे देऊन मिळेल का, एवढंच विचारत होतो. पलीकडून हिंदीत प्रश्न आला, "सर, प्रॉडक्ट ड्राय प्लेस में रखा था?" म्हटलं, बाई, जुलैमध्ये खानापुरात ड्राय प्लेस एकच, चुलीच्या वरची फळी, आणि तिथे आईने खारवलेल्या मिरच्या ठेवल्यात. त्यावर मेल करा, फोटो पाठवा, सपाट जागेवर ठेवून वरून आणि बाजूने असे दोन्ही फोटो पाठवा, असं झालं. पाठवले. आठवड्याने उत्तर: ओलाव्याने झालेलं नुकसान आमच्याकडे येत नाही, तरी पुढच्या खरेदीवर वापरायला शंभर रुपयांचं कूपन घ्या. कूपन आठशेच्या वरच्या खरेदीलाच चालतं.

मग घरगुती उपाय. पत्त्यांचा गठ्ठा सुती कापडात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवला. दोन दिवसांनी थोडे सरळ, पण खेळायला काढले की तासाभरात पुन्हा वळायचे. जुन्या बुटांच्या खोक्यांतल्या सिलिकाच्या पुड्या टाकल्या. त्या स्वतःच ओलावा पिऊन कधीच थकलेल्या. पुतण्याने कॅरमची पावडर लावून बघितली. पत्ते घसरायला लागले खरे, पण मेंढीच्या चित्रावर पांढरा थर बसला. सगळ्यात बरं काम केलं कपाटातल्या झिरोच्या बल्बने. रेशमी साड्या ठेवतात त्या कपाटात गेमचा डबा ठेवायचा आणि पावसाळाभर बल्ब चालू. वीज राहिली तर.

बेळगावात एका झेरॉक्सवाल्याने लॅमिनेशन सुचवलं. दर विचारला आणि 120 ने गुणलं, तिथेच विषय संपला. शिवाय लॅमिनेशन केलेले पत्ते पिसता येत नाहीत, चहाच्या बश्या पिसल्यासारखं होतं.

पण त्या गुणाकाराने एक गोष्ट डोक्यात आली, आणि या रिव्ह्यूतली कामाची गोष्ट हीच. गेममध्ये पत्ते 120, त्यातले 95 मालाचे: लाकूड, वीट, लोकर, गहू, खनिज, प्रत्येकी 19. हे पत्ते कधी पिसायचेच नसतात. प्रकाराप्रमाणे लावून उघडे ठेवलेले असतात. चोर (ही एक सोंगटी, ज्या फरशीवर बसते तिथला माल बंद) आला की कुणीतरी तुमच्या हातातला एक न बघता ओढतो, तेवढाच त्यांच्या पाठीचा संबंध, आणि तेव्हा हात टेबलाखाली धरला की काम झालं. झाकून, पिसून, ओळख न पटता राहायला हवेत ते फक्त 25. म्हणजे 25 कव्हरं पुरे! सगळीकडचे लोक अख्ख्या गेमला कव्हरं घाला म्हणून सांगतात. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी घालावीत.

कव्हरं मागवली पुण्याहून. मापाची काळजी घ्या: हे पत्ते रमीच्या पत्त्यांपेक्षा अरुंद आणि आखूड आहेत, नेहमीच्या मापाच्या कव्हरात ते खुळखुळतात. पाकीट शंभराचंच मिळालं, 25 सुटी कोण देतो. ती येईपर्यंत खेळ बंद ठेवायचा का, तर नाही. मोनोपॉली आणि इयर ऑफ प्लेंटी दोन्ही काढून टाकले, शिपाई, गुण आणि रोड बिल्डिंग एवढ्यावर खेळलो. खेळ फार बिघडत नाही. उलट काका खूश.

आता काका. त्यांची पूर्वी वीटभट्टी होती. खानापूरची माती आणि इथल्या विटा-कौलांचं वेगळं सांगायला नको. कुंभारकाम शिकवणारी केंद्राची संस्था इथेच आहे. त्यात कॅटानमध्ये विटेच्या टेकड्या तीनच. जंगलं चार, कुरणं चार, शेतं चार, आणि विटेला फक्त तीन. रस्त्यालाही वीट लागते, वस्तीलाही लागते. काकांनी हे पहिल्याच डावात हेरलं आणि तेव्हापासून मांडणी काहीही असो, त्यांचं पहिलं घर विटेवर. "दोन लोकरी देतो काका, एक वीट द्या." "विटा फुकट वाटूलालोय काय मी?" शेजारचे मास्तर धारवाडकडचे. ते मराठी समजतात, पण सौदा करताना कानडीवर येतात, "इट्टंगी कोड्री, काका, इट्टंगी कोड्री!" म्हणजे विटा द्या. काका त्यांना कानडीतच भाव सांगतात, आणि तो मराठीतल्यापेक्षा एका गव्हाने जास्त असतो. मालाच्या पत्त्यांवर नुसती चित्रं असल्याने भाषेचा अडथळा कुणालाच येत नाही. इंग्रजी फक्त डेव्हलपमेंटच्या पत्त्यांवर, ते पुतण्या वाचून दाखवतो. गुप्त पत्ता दुसऱ्याने वाचून दाखवायचा, हा आणखी एक घोळ, पण तो आमचा.

जूनमध्ये लिहिलं असतं तर मी या गेमला तीन तारे दिले असते, पत्ते नसते वाकले तरी. माझं मत होतं की हा फाशांचा खेळ आहे, बुद्धीचा आव आणलेली सापशिडी. फरशीवर आकडा असतो, फाशांवर तो पडला की तिला लागून घर असलेल्याला माल मिळतो. दोन फाशांच्या 36 शक्यतांत 6 पडण्याच्या पाच, 8 पडण्याच्याही पाच, म्हणून ते आकडे लाल. ज्याला लाल आकड्यांवर जागा मिळाली तो जिंकला, दुसऱ्याने कपाळाला हात लावून बसायचं. मग वहिनी जिंकायला लागली. लाल आकड्यावर फारसं न बसता. ती बचत गटाचे हिशेब बघते आणि कॅटानही तसंच खेळते. तिने मेंढ्यांच्या दोन फरशा आणि लोकरीचं बंदर धरलं. बँक चाराला एक देते, साधं बंदर तिनाला एक, पण त्या मालाचं स्वतःचं बंदर असेल तर दोनाला एक. आम्ही लोकरीला नाकं मुरडत होतो आणि ती आमच्याकडून लोकर जवळजवळ फुकट घेऊन बंदरावर त्याचं खनिज करत होती. शिवाय तिच्या हातात सातपेक्षा जास्त पत्ते कधी साचत नाहीत. सातचा फासा पडला की सातच्या वर पत्ते असलेल्याला निम्मे टाकावे लागतात, आणि सात पडायच्या शक्यता सहा, सगळ्यांत जास्त. काका तर बारा-बारा विटा दाबून बसायचे. तेव्हा माझं मत बदललं. फासा माल देतो, पण तो माल कुणाला, केव्हा, कितीला विकायचा, हे सगळं तोंडावर आहे.

वहिनीचं एक सांगायलाच हवं. सुरुवातीला चोर तिच्या हाती आला की ती काकांच्या फरशीवर ठेवायची नाही. "चुलत सासऱ्यांवर चोर कसा ठेवू?" म्हणून बिचाऱ्या मास्तरांचं शेत बंद. श्रावण संपेपर्यंत तिने तीनदा काकांची भट्टी बंद पाडली, आणि काकांनी बाहेर जाऊन तंबाखू मळून येईपर्यंत डाव थांबवावा लागला. परत आले ते तिलाच विचारत, "लोकर कितीला देणार?"

आज्जी खेळत नाही, बघते. तिला एकच शंका होती: एकदा बांधलेलं घर कुणी पाडू शकतो का, दुसऱ्याच्या हद्दीत टाकू शकतो का? नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग बरा आहे खेळ." 1956 साली ती लग्न होऊन आली तेव्हा नुकतंच गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं होतं. त्यावर घरात कुणी काही बोललं नाही. मास्तरांनी फासा टाकला.

गणपतीनंतरची भर: कव्हरं आली, 25 पत्त्यांना घातली. पत्ते अजूनही थोडे वाकडे आहेत, पण कव्हरात दाबले गेल्याने वरून ओळखू येत नाहीत. पुतण्या पुन्हा हरायला लागला, याहून चांगली चाचणी नाही. एक नवी कटकट म्हणजे कव्हर घातलेला गठ्ठा फुगतो आणि डब्यातल्या खाचेत बसत नाही. तो आता आईच्या रिकाम्या कुंद्याच्या डब्यात असतो. डबा आधी उन्हात वाळवून घ्या, नाहीतर पत्त्यांना वेलदोड्याचा वास येतो. उरलेल्या 75 कव्हरांचं काय करायचं, यावर घरात रोज नवा प्रस्ताव. मी ती मालाच्या पत्त्यांना घालणार नाही, कारण 95 ला 75 पुरत नाहीत आणि थोड्यांना घातली तर पुन्हा खुणेचे पत्ते.

हा गेम केला तो क्लाउस टॉयबर जर्मनीतल्या डार्मश्टाटजवळ दातांच्या लॅबमध्ये काम करायचा आणि फावल्या वेळात तळघरात बसून खेळ बनवायचा. 1995 साली हा बाजारात आला आणि त्याच वर्षी तिकडचा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार घेऊन बसला. सौदा करून जिंकायचा खेळ त्याने असा रचला की काकांसारख्या माणसालाही शेवटी वीट विकावीच लागते, नाहीतर हातातली वीट हातातच राहते. माणूस मोठा होता. पण चाचणी एकदा तरी जुलैमध्ये जांबोटीला घ्यायला हवी होती.

आता तारे. गेमला साडेचार. विकणाऱ्याला एक, तोही कूपनाचा. कूपन अजून वापरलेलं नाही, आठशेचं घेण्यासारखं त्यांच्याकडे काही दिसत नाही, सोडून पाच-सहा जणांसाठीचा विस्तारसंच. मूळ डबा तीन किंवा चार जणांचा. आमच्याकडे मी, काका, वहिनी, मास्तर आणि पुतण्या असे पाच होतो, म्हणून मी बऱ्याचदा बँक सांभाळतो आणि खेळत नाही. विस्तारसंच घेतला की प्रश्न मिटेल, पण त्याची किंमत बघून मला बँक सांभाळायला आवडायला लागलं आहे. आणि सहावा कुणी आला तर आम्ही कॅटान आवरतो आणि मेंढीकोट काढतो. ते पत्तेही वाकलेले आहेत, पण चाळीस रुपयांचे आहेत.